अनुदान मिळतं, पण सिनेमा करून झाल्यावर

मराठी सिनेमाच्या अनुदानावर दरवर्षी त्याच दोन तक्रारी होतात. रक्कम कमी आहे आणि मिळायला उशीर होतो. दोन्ही खऱ्या. पण मुख्य दुखणं वेगळंच आहे.

मी निम्मं आयुष्य निर्मितीत काढलं, अनुदानाच्या फायलींमागे फिरलो आणि आता विद्यापीठात निर्मिती शिकवतो. वर्गात बजेट, शेड्यूल, करार सगळं शिकवून होतं. मग मागच्या बाकावरून प्रश्न येतोच, "सर, पहिले पैसे कुठून आणायचे?"

याचं उत्तर आपल्या योजनेत नाही. 'अ' दर्जाला ४० लाख, 'ब' दर्जाला ३० लाख, हे आकडे वर्षानुवर्षे आपल्याला पाठ आहेत. पण परीक्षण होतं ते तयार, सेन्सॉर झालेल्या सिनेमाचं. म्हणजे आधी कर्ज काढा, घर गहाण टाका, सिनेमा पुरा करा, मग सरकार मार्क देणार! ज्याच्याकडे गहाण टाकायलाच काही नाही, तो रांगेत उभाच राहू शकत नाही.

फाळक्यांनी विमा पॉलिसीवर कर्ज काढलं, सरस्वतीबाईंचे दागिने गेले, तेव्हा १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला. त्याचं कौतुक करूच. पण शंभर वर्षांनंतरही तीच पद्धत चालावी?

दुसरा रस्ता आपल्याच देशाला माहीत होता. १९६० मध्ये केंद्राने फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन काढलं. त्याच्या कर्जातून मृणाल सेन यांचा 'भुवन शोम' झाला, सिनेमा बनण्याआधी मिळालेल्या पैशातून. फ्रान्समध्ये तिकिटावरच्या कराचा पैसा सिनेमाकडेच परत येतो आणि संहिता वाचून चित्रीकरणाआधी आगाऊ रक्कम मिळते. सिनेमा चालला तर परतफेड.

कुणी म्हणेल, कागदावर पैसे दिले तर बुडतील. काही बुडतील, मान्य. पण आजच्या पद्धतीतही केवळ अनुदानावर डोळा ठेवून काढलेले सिनेमे येतात, हे या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

म्हणून मागणी साधी आहे. अनुदानाचा एक हिस्सा संहितेच्या टप्प्यावर द्या, पहिला सिनेमा करणाऱ्यांसाठी राखून. हप्ते कामाच्या टप्प्यांप्रमाणे सोडा. आणि परीक्षकांनी दिलेले मार्क कारणांसकट जाहीर करा. नाकारलेल्याला निदान कळू दे, कुठे कमी पडलो.

नाहीतर आम्ही वर्गात शिकवत राहू आणि सिनेमा मात्र ज्यांच्या घरात पैसा आहे तीच पोरं करतील.

तुमचं काय मत? या क्षेत्रातल्यांनी आपले अनुभव जरूर लिहा.