शर्यतीपुरता रस्ता

जानेवारी 2026 मध्ये पुणे जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत पार पडली. चारशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या या मार्गावरचे खड्डे बुजले, डांबराचे नवे थर चढले. शासकीय यंत्रणेने मनावर घेतले तर ठरलेल्या मुदतीत रस्ता सायकलीच्या योग्यतेचा करता येतो, हे त्या निमित्ताने निर्विवादपणे सिद्ध झाले. देशोदेशींच्या खेळाडूंचे स्वागत उत्तम रस्त्यांनी व्हावे, यात गैर काही नाही. मात्र पहाटे वृत्तपत्रे टाकणारा मुलगा, बांधकामावर निघालेला गवंडी, रात्रपाळी संपवून घरी परतणारा पहारेकरी हेही सायकलस्वारच आहेत. ते वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस याच शहरातून सायकल चालवतात. त्यांच्यासाठी अशी मुदत आजवर कोणी ठरवली नाही.

एके काळी पुण्याची ओळखच मुळी सायकलींचे शहर अशी होती. पेठांतून महाविद्यालयांकडे जाणारे विद्यार्थी, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातील कामगार, कचेरीतले कारकून, भिक्षुकीला निघालेले गुरुजी, शिकवण्या घेणारे मास्तर, सगळ्यांचे वाहन एकच होते. तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने गल्लोगल्ली होती. सायकलला बिल्ला लागे, रात्री दिवा लागे, आणि दिवा नसताना किंवा डबलसीट जाताना पोलिसाने अडवले तर त्याच्याशी हुज्जत घालण्याचा अस्सल पुणेरी आनंदही मिळे. सामाजिक कार्यकर्त्यांच्या एका संपूर्ण पिढीची संपर्कयंत्रणा या दोन चाकांवर उभी होती. घरोघरी पोहोचण्यास याहून सोयीचे साधन नव्हते. सायकलवरचा माणूस ओळखीचा दिसला की थांबतो, एक पाय जमिनीवर टेकवून दोन शब्द बोलतो. मोटारीत बसलेल्याला ते साधत नाही.

पुढे चित्र पालटले. आकुर्डीत बनलेल्या स्कूटरने मध्यमवर्गाला वेग दिला आणि प्रतिष्ठाही दिली. स्कूटर घेणारा चुकला असे म्हणता येणार नाही. शहर वाढत होते, अंतरे लांबत होती आणि बससेवा अपुरी होती. चूक झाली ती रस्त्यांच्या नियोजनात. ज्याच्याकडे इंजिन आहे त्याचाच रस्ता, असे न लिहिलेले धोरण ठरून गेले. 2018 साली शहरातील नोंदणीकृत वाहनांची संख्या 36 लाखांवर गेली आणि तिने लोकसंख्येलाही मागे टाकले. हा विक्रम कोणत्याही शहराला भूषणावह नाही. सायकल दरम्यान कोठे गेली? कर्वेनगरात जुन्या सायकलींचे एक देखणे संग्रहालय आहे. ज्यांनी ते आस्थेने उभे केले त्यांचे कौतुकच केले पाहिजे, पण रोजच्या वापरातली वस्तू संग्रहालयात पाहण्याची वेळ यावी याचा विषाद वाटल्यावाचून राहत नाही.

सायकलसाठी शहरात काहीच झाले नाही, असे मात्र नाही. उलट झालेल्या गोष्टींची यादीच चिंता वाढवणारी आहे. केंद्र सरकारने 2006 साली राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरण जाहीर केले. रस्ते वाहनांसाठी नसून माणसांसाठी आहेत, हा त्याचा गाभा होता. त्याच वर्षाच्या अखेरीस कात्रज-स्वारगेट-हडपसर या मार्गावर जलद बससेवेचा पथदर्शी प्रकल्प सुरू झाला आणि त्यासोबत सायकल मार्गही आले. डिसेंबर 2017 मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यात आठशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या सायकल जाळ्याची कल्पना होती. त्याच महिन्यात विद्यापीठाच्या आवारात आणि औंध परिसरात भाड्याच्या सायकलींची योजना सुरू झाली आणि रंगीबेरंगी सायकली चौकाचौकांत दिसू लागल्या.

या सर्वांचे पुढे काय झाले, हे पुणेकरांना सांगावे लागत नाही. भाड्याच्या सायकली काही मोडल्या गेल्या, काही पळवल्या गेल्या. त्यातील एका चिनी कंपनीने 2018 मध्येच भारतातून काढता पाय घेतला, तर उरलेल्यांची उमेदही थोड्याच अवधीत संपली. सायकल मार्गांची कथा तर अधिक शोचनीय आहे. कोठे मार्गाच्या मधोमध विजेची पेटी, कोठे झाड, कोठे बसथांबा, कोठे वडापावची गाडी. दर पन्नास पावलांवर एखाद्या सोसायटीचे फाटक, आणि प्रत्येक फाटकापाशी मार्ग खाली उतरून पुन्हा वर चढतो. वर पेव्हर ब्लॉकची खडबडीत फरसबंदी. सायकल मार्गाची रुंदी किमान दोन मीटर हवी, हा संकेत अभियंत्यांना ठाऊक नसतो असे नाही. पण रस्त्याची आखणी करताना मोटारींना आणि त्यांच्या पार्किंगला द्यायचे ते देऊन झाल्यावर जे उरते, ते सायकलच्या पदरात टाकले जाते. असा मार्ग टाळून सायकलस्वार मुख्य रस्त्यावर आला की लगेच म्हणायला मोकळे, ‘मार्ग बांधून दिले तरी हे लोक वापरतच नाहीत!’

2020 मध्ये केंद्राने सायकलस्नेही शहरांसाठी देशव्यापी स्पर्धा जाहीर केली. तिच्या अकरा विजेत्या शहरांत महाराष्ट्रातून नागपूर आणि पिंपरी-चिंचवड ही नावे होती. सायकलींचे शहर म्हणवणारे पुणे त्यात नव्हते.

दोष केवळ प्रशासनाच्या माथी मारून चालणार नाही. ‘परिसर’सारख्या संस्थांनी पुण्यात अनेक वर्षे पादचारी आणि सायकलस्वार यांच्या बाजूने चिकाटीने भूमिका मांडली. आराखड्यांमध्ये सायकलला निदान कागदोपत्री जागा मिळाली, त्यामागे अशा प्रयत्नांचा वाटा मोठा आहे. परंतु या मागणीमागे समाज उभा राहिला नाही. सायकलचे नाव घेऊन जे दिसते ते बहुधा रविवार सकाळची फेरी असते. एकसारखे सदरे, झेंडा दाखवणारे मान्यवर, छायाचित्रे आणि अल्पोपाहार. फेरीच्या ठिकाणापर्यंत सायकल मोटारीच्या टपावर बांधून आणणारेही असतात. हौस वाईट नाही, व्यायाम तर मुळीच नाही. पण जे सायकलसाठी चळवळ करतात ते रोज सायकल चालवत नाहीत, आणि जे रोज सायकल चालवतात त्यांना चळवळ करायला सवड नाही. पहिल्यांचा आवाज महापालिकेपर्यंत पोहोचतो, पण तो चारचाकीतून उतरून आलेला असतो. दुसरे नागरिक आहेत, मतदारही आहेत, तथापि रस्त्याच्या आराखड्यावर हरकत नोंदवता येते हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. हे अंतर मिटेपर्यंत कितीही आराखडे मंजूर झाले तरी ते कपाटातच राहतील.

हे अंतर कसे मिटते, याचे एक उदाहरण युरोपात आहे. नेदरलँड्स हा देश आज सायकलींसाठी जगभर ओळखला जातो आणि ती त्यांची पूर्वापार संस्कृतीच आहे असा समज त्यामुळे पसरला आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सुबत्ता आली, मोटारी वाढल्या, जुन्या वस्त्या पाडून रस्ते रुंद होऊ लागले आणि सायकल तेथेही मागे पडू लागली. 1971 या एका वर्षात त्या लहानशा देशात रस्ते अपघातांत सुमारे 3,300 माणसे दगावली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आपली लहानगी मुलगी अशा अपघातात गमावलेल्या एका पत्रकाराने 1972 मध्ये ‘मुलांच्या हत्या थांबवा’ अशा शीर्षकाचा लेख लिहिला, आणि ते शीर्षकच एका देशव्यापी आंदोलनाचे नाव झाले. त्यात आया होत्या, शिक्षक होते, शाळकरी मुले होती. अपघाताच्या जागी लोक ठाण मांडून बसत, मुलांना खेळता यावे म्हणून गल्ल्या वाहनांना बंद करत. 1973 च्या तेलसंकटाने सरकारलाही विचार करणे भाग पाडले आणि रविवारी मोटारी बंद ठेवण्याचा प्रयोग झाला. 1975 मध्ये सायकलस्वारांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिने धोक्याचे रस्ते नोंदवले, नकाशे काढले आणि नगरपालिकांच्या दारी ठिय्या दिला. आज जगाला दिसणारे सायकल मार्ग त्यानंतरच्या दशकांतले आहेत.

त्या आंदोलनाने सायकलचे गुणगान फारसे केले नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. त्याने मुलांच्या जिवाचा प्रश्न विचारला, आणि तो कोणत्याही राजकीय पक्षाला टाळता आला नाही. भारतात 2022 या एका वर्षात रस्ते अपघातांत एक लाख अडुसष्ट हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. एखाद्या युद्धातही एवढी हानी होत नाही! आज मध्यमवर्गीय पालक मुलाला सायकल घेऊन देतात, पण ती सोसायटीच्या आवारातच फिरवण्याची ताकीद देतात. शाळा दोन किलोमीटरवर असली तरी मुलाला रिक्षा, व्हॅन किंवा आईची स्कूटर न्यायला येते. मग शाळा सुटताना दारात वाहनांची जी झुंबड उडते, तिच्या भीतीने आणखी चार पालक आपली गाडी घेऊन येतात. कोणत्याही एका घराला हे चक्र एकट्याने तोडता येणार नाही. तोडायचे तर पूर्ण शाळेने आणि पूर्ण वस्तीने एकत्र आले पाहिजे. संघटना म्हणतात ती यासाठीच.

ऊन, पाऊस आणि लांबची अंतरे असे आक्षेप घेतले जातात. हिंजवडीची नोकरी सायकलने करा, असा आग्रह कोणी धरलेला नाही. प्रश्न शाळा, मंडई, बँक, बसथांबा, मेट्रोचे स्थानक अशा दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांचा आहे. उन्हाचे म्हणाल तर सावलीची झाडे तोडून रस्ता रुंद करायचा आणि मग उन्हाची तक्रार करायची, यात सुसंगती नाही. व्यापाऱ्यांचा आक्षेप अधिक गंभीर आहे. दुकानासमोरचे पार्किंग गेले तर गिऱ्हाईक जाईल, ही त्यांची धास्ती खरी असते आणि तिची टिंगल करून काही साधणार नाही. एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली सहज मावतात, हा हिशेब त्यांच्यासमोर बसून, त्यांच्याच रस्त्यावर मोजून दाखवावा लागेल.

या प्रश्नाला राष्ट्रीय बाजूही आहे. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी 85 टक्क्यांहून अधिक तेल आयात करावे लागते. आखातात काही खुट्ट झाले की येथील गृहिणीचे अंदाजपत्रक कोलमडते. सायकल मात्र पूर्णपणे या मातीत रुजलेला उद्योग आहे. फाळणीनंतर विस्थापित झालेल्या पंजाबी उद्योजकांनी लुधियानात तो उभा केला आणि जगातील अग्रगण्य सायकल उत्पादकांत भारताचे नाव नेले. याच उद्योगातील ‘अ‍ॅटलस’ कंपनीचा साहिबाबाद येथील कारखाना 3 जून 2020 रोजी, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी, बंद पडला. स्वदेशीचा विचार मांडणाऱ्यांनी या घटनेची जेवढी दखल घ्यायला हवी होती, तेवढी घेतली गेली नाही. त्याउलट बिहारमध्ये 2006 पासून नववीतल्या मुलींना सायकलसाठी साहाय्य देणारी योजना राबवली गेली आणि माध्यमिक शाळेतील मुलींची संख्या लक्षणीय वाढली. मुलींच्या शिक्षणावर कितीतरी भाषणे होतात, त्या मानाने एका सायकलने केलेले काम मोठे आहे.

मार्च 2022 मध्ये मुदत संपल्यानंतर पुणे महापालिकेत साडेतीन वर्षांहून अधिक काळ लोकनियुक्त सभागृहच नव्हते. नागरिकांनी दाद मागायची ती प्रशासकांकडे, अशी ती स्थिती होती. रस्त्याच्या सदोष आखणीबद्दल जाब विचारण्याचे साधन तेव्हाही होते आणि आजही आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेले कलम 198-अ हे रस्ता बांधणाऱ्या ठेकेदाराला आणि संबंधित यंत्रणेला सुरक्षेच्या निकषांबाबत उत्तरदायी धरते. हे कलम प्रत्येक प्रभागातील दोन कार्यकर्त्यांना तरी तोंडपाठ हवे.

त्याशिवाय पुणे महापालिका 2006 पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून प्रभागातील छोटी कामे मागवत आली आहे. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा असतो. या अर्जांत बहुधा बाक, नामफलक आणि पेव्हर ब्लॉक यांचीच मागणी असते. त्याऐवजी शाळेच्या दारात सायकल ठेवण्याची छपरी, फाटकापाशी चढउतार न होणारा सलग मार्ग, मार्गात आलेली विजेची पेटी हलवणे, चौकातील पुसट झालेले पट्टे पुन्हा रंगवणे अशी कामे मागता येतील. त्यासाठी आधी एका सकाळी शाळेच्या रस्त्यावर उभे राहून किती मुले सायकलने येतात, किती गाड्यांनी येतात आणि नेमक्या कोणत्या वळणावर ती अडखळतात, याची वहीत नोंद करावी लागेल. त्या सकाळी तेथून जाणाऱ्या गवंड्याला आणि पेपरवाल्या मुलालाही थांबवून विचारावे, आणि त्यांची स्वाक्षरी अर्जावर सर्वांत वर घ्यावी.