किलोमीटरला एक रुपया? आधी लाइटबिल काढा!

‘एक रुपयात एक किलोमीटर!’ इलेक्ट्रिक कारबद्दलचं हे वाक्य तुम्ही रीलमध्ये ऐकलं असेल, नाहीतर घरात गाडीचा विषय निघाल्यावर एखाद्या काकांच्या तोंडून. मुंबई-पुण्यात ते कितपत खरं, ते तिथली मंडळी बघतील. आपला प्रश्न नांदगावचा. शिवाय घरात गाडी घ्यायची ठरली की हिशेब तुमच्याच गळ्यात पडतो, ‘तू शिकतोस ना, बघ जरा मोबाइलवर.’ तर बघूच.

उदाहरणाला छोटी गाडी घेऊ. टाटाची टियागो ईव्ही २०२२ मध्ये आली तेव्हा २४ किलोवॅट-अवरच्या बॅटरीवर ३१५ किलोमीटरचा दावा होता. किलोवॅट-अवर म्हणजे आपल्या मीटरवरचं एक युनिट, घाबरायचं कारण नाही. दावा चाचणीतला असतो. एसी लावून, तीन माणसं बसवून १९०-२०० किलोमीटर धरा. चार्जिंग करताना थोडी वीज वायाही जाते. म्हणजे १०० किलोमीटरला साधारण १४ युनिट.

आता खरी गोम. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे. पहिली १०० युनिटं स्वस्त, १०१ ते ३०० मध्ये दर जवळपास दुप्पट, पुढे आणखी वर. तुमच्या घरी महिन्याला ९० युनिट जळत असतील आणि गाडी हजार किलोमीटर फिरली, तर १४० युनिटं वाढली. त्यातली बहुतेक सगळी महागड्या टप्प्यात! म्हणून युनिटला १२ रुपये धरू. किलोमीटरला झाले १ रुपया ६८ पैसे. रीलवाल्यापेक्षा जास्त, पण पेट्रोल १०५ रुपये आणि ॲव्हरेज १८ धरलं तर पेट्रोलची गाडी किलोमीटरला ५ रुपये ८३ पैसे खाते. फरक चार रुपयांच्या वर आहेच.

पण गाडी घेतानाच इलेक्ट्रिकला जास्त पैसे मोजावे लागतात. फरक तीन लाखांचा धरला, तर महिना हजार किलोमीटरवर वर्षाला पन्नास हजार वाचतात, म्हणजे सहा वर्षं. पाचशेच किलोमीटर फिरत असाल तर बारा! सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ईव्हीवर तो आधीपासूनच ५ आहे. म्हणजे पेट्रोलवाली स्वस्त झाली, विजेवाली होती तिथेच राहिली. रविवारी देवदर्शनाला आणि लग्नसराईला बाहेर निघणारी गाडी असेल, तर पैसे वाचवायला ईव्ही घेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. रोज नांदगाव-मनमाड अप-डाऊन करणारे शिक्षक, दुकानदार यांचं गणित वेगळं. जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर, रात्री घरी चार्जिंग, विषय संपला.

नाशिकला जायचं म्हटलं की मात्र घाम फुटतो. मनमाड, चांदवड, पिंपळगाव करत एका बाजूचे शंभरच्या वर किलोमीटर होतात. जाऊन परत यायला ही बॅटरी पुरत नाही. नाशिकला किंवा आग्रा रोडवर फास्ट चार्जर गाठायचा, तिथे युनिटला वीस-बावीस रुपये पडले की किलोमीटरचा खर्च तीन रुपयांवर जातो. नकाशावर हिरवा दिसणारा चार्जर खरंच चालू आहे की नाही, हे तिथे पोचल्यावर कळतं ते वेगळंच. आईला नाशिकच्या दवाखान्यात तातडीने न्यायचंय आणि बॅटरी ३० टक्के, हा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. घरात ही एकच गाडी असणार असेल, तर निर्णय इथेच ठरतो. (कॉलेजसाठी नाशिकला जाणाऱ्यांचं काय? आपल्या स्टेशनातून विजेवरची गाडी अर्ध्या शतकाहून जास्त काळ धावतेय, पासही स्वस्त.)

घरचं चार्जिंगही प्लग लावला आणि झालं, असं नसतं. १५ अँपिअरच्या सॉकेटवर ही बॅटरी भरायला आठ-नऊ तास लागतात. तेवढा वेळ तीन किलोवॅटच्या आसपास लोड सलग चालतो. बिलावर ‘मंजूर भार’ बघा. एक किलोवॅट असेल तर आधी तो वाढवून घ्यावा लागेल. अर्थिंग धड नसेल तर गाडी चार्जच होत नाही, आणि जुन्या घरांत अर्थिंगची काय अवस्था असते ते कुठल्याही वायरमनला विचारा. त्यात मध्यरात्री लाइट गेली, तर सकाळी गाडी अर्धीच भरलेली.

एका बाबतीत आपण पुण्याच्या फ्लॅटवाल्यांच्या पुढे आहोत : स्वतःचं छत. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या सोलरला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. इथल्या उन्हात त्यातून महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिटं निघू शकतात. घर आणि गाडी दोन्ही भागतं, महागड्या टप्प्याची कटकट जाते. सोलरचा खर्च धरायचा विसरू नका, एवढंच. शिवाय राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात समृद्धी, मुंबई-पुणे एक्सप्रेस वे आणि अटल सेतूवर ईव्ही कारला टोलमाफी आहे. आपल्या रोजच्या रस्त्यावर त्याचा उपयोग शून्य.

आणि पेट्रोल म्हणजे खात्रीचं, असंही समजू नका. पानेवाडीचे मोठे इंधन डेपो आपल्या मनमाडजवळच. जानेवारी २०२४ मध्ये टँकरचालकांनी काम थांबवलं, तेव्हा पंपांवर लागलेल्या रांगा आठवत असतील.

शोरूमला जाल तेव्हा सेल्समनने दाखवलेली एक फेरी नको. एसी लावून मनमाडला जाऊन या. निघताना आणि परतल्यावर बॅटरीचे टक्के लिहा. २४ युनिटच्या गाडीचे पंचवीस-सव्वीस टक्के गेले, तर वरचा हिशेब जुळला. पस्तीस गेले, तर काकांना म्हणावं, थांबा, पुन्हा मांडू.