बाद पद्धतीचे गणित

शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम आला की मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी मैदान आखले जाते, गावोगावचे संघ येतात आणि एक-दोन दिवसांत सारे आटोपते. विजयी संघ वाशीमला जिल्हा स्पर्धेसाठी जातो. तेथून अमरावती विभाग आणि मग राज्य अशी ही शिडी आहे. या शिडीच्या पहिल्या पायरीवर गुणवत्तेची निवड खरोखर होते काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

सांघिक खेळांत तालुका पातळीवर सामान्यतः बाद पद्धत अवलंबिली जाते. कबड्डीचे सोळा संघ आले तर पंधरा सामन्यांत निकाल लागतो आणि त्यांपैकी आठ संघ एकच सामना खेळून घरी परततात. समजा, त्यांत एक संघ इतका सरस आहे की कोणत्याही प्रतिस्पर्ध्याशी खेळताना तो शंभरांत सत्तर वेळा जिंकेल. अजिंक्यपदासाठी त्याला लागोपाठ चार सामने जिंकावे लागतात. संभाव्यतेच्या साध्या गुणाकाराने त्याची शक्यता अवघी २४ टक्के उरते. म्हणजे सर्वोत्तम संघ चारांपैकी तीन वेळा पुढे जाणारच नाही! यात पंचांचा दोष नाही आणि खेळाडूंचाही नाही. दोष पद्धतीचा आहे.

साखळी पद्धतीने सर्वांनी सर्वांशी खेळावयाचे तर १२० सामने होतील आणि ते कोणत्याही तालुक्याला झेपणार नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. परंतु या दोन टोकांच्या मध्ये एक वाट आहे. चार-चार संघांचे चार गट केले, तर गटांतील २४ आणि गटविजेत्यांचे तीन, असे २७ सामने होतात. बारा सामने अधिक, म्हणजे दोन मैदानांवर एका दिवसाचे काम. त्या मोबदल्यात प्रत्येक संघाला किमान तीन सामने मिळतात आणि एका वाईट दिवसाने कोणाचे वर्ष वाया जात नाही.

दुसरी उणीव नोंदींची आहे. शंभर मीटर धावण्यात कोण पहिला आला हे लिहिले जाते. पण किती सेकंदांत, हे तितक्याच कसोशीने जपले जात नाही. क्रमांक सापेक्ष असतो. एका तालुक्यातील तिसरी मुलगी दुसऱ्या तालुक्यातील पहिलीपेक्षा वेगवान असू शकेल. ते केवळ वेळच सांगू शकते. मातीच्या धावपट्टीवर हाती घेतलेल्या वेळेत काही अंशी चूक राहणारच. तरीही अदमासे का होईना, मोजलेले हे न मोजलेल्यापेक्षा बरे.

नोंदीचे मोल भाऊसाहेब निंबाळकरांच्या उदाहरणाने कळावे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध ते ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा तेव्हाचा विश्वविक्रम नऊ धावांवर आला असताना प्रतिपक्षाने सामना सोडून दिला. निंबाळकर कसोटी सामना कधीच खेळले नाहीत. परंतु धावफलकाची वही शिल्लक होती, म्हणून पाऊणशे वर्षांनंतरही त्यांचे नाव घेतले जाते. निवड समितीने ज्याला न्याय दिला नाही, त्याची बाजू आकड्याने मांडली. तालुक्याच्या मैदानावरून परतणाऱ्या मुलांच्या बाजूने बोलणारा असा आकडा कोठेच नसतो.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. राज्य शासनाच्या सेवेत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेत क्रीडागुण आहेत. ज्या शिडीच्या टोकाशी नोकरी आहे, तिची पहिली पायरी नशिबावर सोडणे हा ग्रामीण मुलांवरील अन्यायच होय. शहरातील खेळाडूला प्रशिक्षक, मंडळे आणि खुल्या स्पर्धा यांमुळे दुसरी संधी मिळते. खेड्यातील मुलाला बहुधा हीच एक.

यासाठी मोठा निधी नको. गटवार साखळी, एक नोंदवही, दोन स्टॉपवॉच आणि आकडेमोड करावयास शाळेतील गणिताचे शिक्षक एवढे पुरे. त्या नोंदींवरून विद्यार्थी सरासरी आणि संभाव्यता शिकले, तर तो लाभ निराळाच. जिल्हा क्रीडा कार्यालयांनी येत्या हंगामात निदान एका तालुक्यात हा प्रयोग करून पाहावा.