ऋषीची भाजी

चतुर्थीच्या मोदकांनी सुखावलेल्या जिभेसमोर दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमीची भाजी येते: अळू, सुरण, लाल माठ, शिराळे, मक्याचे कणीस, आणि तीही फोडणीवाचून. बैलाच्या कष्टाचे या दिवशी खावयाचे नाही, हा दंडक. म्हणून परसात हाताने लावलेलेच घ्यावयाचे. आता परस उरले नाही (आमच्या सज्जात तुळसच कशीबशी मावते), नांगरही पुष्कळ ठिकाणी ट्रॅक्टरच ओढतो. तरी व्रत संपले, असे आम्ही मानीत नाही. मात्र बैलाचे श्रम स्मरणाऱ्या घरानेच भाजीवालीशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालावी, हे आम्हांस खटकते. आमचे हरवलेले परस टोपलीतून तीच दारी आणते. निदान या भाजीसाठी तरी तिने सांगितलेला भाव द्यावा, आणि पंचमीस एक वाटी तिच्यासाठी झाकून ठेवावी.