मैदानावाचून कवायत

विद्या दोन प्रकारांनी प्राप्त होते. एक विद्या ग्रंथांतून, व्याख्यानांतून आणि एकांतातील अभ्यासातून मिळते. दुसरी मात्र चार माणसांच्या संगतीवाचून हाती लागत नाही. व्याकरणाचे नियम घरी बसून पाठ करता येतील. परंतु गायनवृंदात आपला स्वर इतरांच्या स्वरांत कसा मिसळावा, हे एकट्याने खोलीचे दार लावून कोणी शिकलेला नाही. शाळा-महाविद्यालये नित्याप्रमाणे चालू असतात तेव्हा या दोन विद्या एकाच छपराखाली नांदत असल्यामुळे त्यांतील भेद आपल्या ध्यानात येत नाही. तो भेद स्पष्ट होण्यास काही तरी विपरीत घडावे लागते.

असे विपरीत २०२० साली घडले. करोनाच्या साथीमुळे त्या वर्षीच्या मार्च महिन्यात जगभरची विद्यालये बंद झाली. अमेरिकेत सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाने ९ मार्चपासून आपले वर्ग संगणकाच्या पडद्यावर नेले. पुढील दोन-तीन आठवड्यांत त्या देशातील बहुतेक महाविद्यालयांनी तोच मार्ग धरला. इतिहासाचा वर्ग पडद्यावर गेला, गणिताचा गेला, कायद्याचाही गेला. परंतु ज्या विषयाचे खरे वर्गगृह म्हणजे मोकळे मैदान, त्याचे काय करावयाचे? महाविद्यालयात शिकता शिकता सैन्यातील अधिकारी होण्याची तयारी करणाऱ्या तरुण-तरुणींपुढे हा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर त्यांनी व त्यांच्या शिक्षकांनी कसे शोधले, याचा विचार वाचकांना उद्‌बोधक वाटेल असा माझा विश्वास आहे.

प्रथम त्या संस्थेची थोडी ओळख करून घेऊ. सुशिक्षित नागरिकांतूनच सैन्याचे अधिकारी निर्माण व्हावेत, ही कल्पना अमेरिकेत जुनी आहे. अल्डन पार्ट्रिज या गृहस्थांनी १८१९ साली व्हरमाँट राज्यात या हेतूने एक विद्यालय काढले; तेच आजचे नॉर्विच विद्यापीठ. १८६२ साली अध्यक्ष लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर स्वाक्षरी केली. या कायद्यान्वये सरकारी जमिनीच्या देणगीतून जी महाविद्यालये उभी राहिली, त्यांच्या अभ्यासक्रमात शेतकी व यंत्रविद्येबरोबर लष्करी शिक्षणाचाही अंतर्भाव होता. पुढे ३ जून १९१६ रोजी मंजूर झालेल्या राष्ट्रीय संरक्षण कायद्याने या विखुरलेल्या प्रयत्नांना एक रूप दिले आणि ‘रिझर्व्ह ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर’, म्हणजे आर.ओ.टी.सी. ही संघटना जन्मास आली. नौदलाची शाखा १९२६ मध्ये आणि हवाई दलाची १९४६ मध्ये निघाली. वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीचे नाव आपल्याकडे अधिक परिचित आहे. परंतु अमेरिकेच्या भूदलास मिळणाऱ्या नव्या अधिकाऱ्यांपैकी फार मोठा भाग प्रतिवर्षी या महाविद्यालयीन दलातूनच येतो.

आपल्याकडील राष्ट्रीय छात्रसेनेशी हिचे साम्य आहे आणि भेदही आहे. आपल्या छात्रसैनिकावर सैन्यात जाण्याचे बंधन नसते. तिकडे, ज्याने शिष्यवृत्ती स्वीकारली अथवा वरच्या वर्गाचा करारनामा लिहून दिला, त्याला पदवीबरोबरच अधिकारपद मिळते आणि ठरावीक वर्षे सेवाही करावी लागते. म्हणजे आज जो विद्यार्थी पडद्यासमोर बसून धडे घेत आहे, तो वर्ष-दोन वर्षांत तीस-चाळीस सैनिकांच्या पलटणीचा प्रमुख होणार आहे. त्याचे शिक्षण कच्चे राहिले तर त्याची किंमत केवळ त्यालाच मोजावी लागेल असे नाही. या शिक्षणाचा प्रश्न इतका गंभीर का, हे यावरून ध्यानात येईल.

या शिक्षणाचा नित्यक्रम असा असतो. आठवड्यातील काही दिवस पहाटे सामुदायिक व्यायाम. दिवसा लष्करी शास्त्राचा वर्ग. आठवड्यातून एकदा प्रत्यक्ष अभ्यास, ज्यात वरच्या वर्गातील विद्यार्थी खालच्यांना शिकवितात व त्यांचे नेतृत्व करतात. सत्रातून एखाद्या वेळी रानात मुक्काम. आणि भूदलाच्या विद्यार्थ्यांसाठी तिसऱ्या व चौथ्या वर्षांच्या मध्ये केंटकी राज्यातील फोर्ट नॉक्स येथे सुमारे पाच आठवड्यांचे उन्हाळी शिबिर. या शिबिरात त्याची खरी पारख होते.

यांपैकी पहिली गोष्ट जी पडद्यावर सहज गेली ती म्हणजे वर्ग. युद्धाचा इतिहास, लष्करी कायदा, अधिकाऱ्याची नीती, हे विषय दुरूनही शिकविता आले. किंबहुना एक गोष्ट दुरून अधिक चांगली शिकविता आली असे म्हणावयास हरकत नाही. सैन्यातील लेखी आज्ञेचे पाच भाग असतात : परिस्थिती, कामगिरी, अंमलबजावणी, पुरवठा आणि आज्ञा व संपर्क. मैदानावर आज्ञा देताना हातवारे करता येतात, काठीने मातीत रेघा ओढता येतात, ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ वाचता येतो. पडद्यावर ही साधने हिरावली गेली आणि शब्दांवरच सारा भार पडला. संदिग्ध शब्द तत्काळ उघडा पडू लागला. ज्याचे बोलणे पसरट होते त्याला ते आवरावे लागले. कारण ऐकणाऱ्यांपैकी एकाची विद्युत्‌जोडणी मध्येच तुटली, तर परत येताच त्याला दोन वाक्यांत सारांश सांगता आला पाहिजे. रणांगणावरही नभोवाणीचा संपर्क असाच तुटत असतो.

दुसरी गोष्ट, व्यायाम, कष्टाने गेली. धावणे, दंड-बैठका, पाठीवरच्या पिशवीत वजन घेऊन चालणे, हे घरी करता आले. त्याची नोंद शिक्षकाकडे पाठविता आली. परंतु त्याच वर्षी, १ ऑक्टोबर २०२० पासून, अमेरिकन भूदलाने सहा भागांची नवी शारीरिक कसोटी अमलात आणली होती. तीत जड दांडा जमिनीवरून उचलणे, दहा पौंडांचा चेंडू डोक्यावरून मागे फेकणे, नव्वद पौंडांची घसरगाडी ओढीत नेणे, अशी कामे होती. ही साधने कोणाच्या घरी असणार? आणि साधनांहून मोठी अडचण वेगळीच होती. पहाटे साडेपाच वाजता थंडीत उठण्याचे बळ बहुधा स्वतःमधून येत नाही. शेजारी उभा असलेला सोबती आपली वाट पाहत आहे या जाणिवेतून ते येते. घरी कोणी पाहणारे नसते. तेथे नोंदवहीत पाच मैल लिहिणारा खरोखर पाच मैल धावला की नाही, हे त्याचे त्यालाच ठाऊक. अशा रीतीने व्यायामाचा धडा नकळत प्रामाणिकपणाचा धडा झाला.

तिसऱ्या वर्गातील गोष्टी मात्र गेल्याच नाहीत. नकाशा आणि होकायंत्र हाती घेऊन अनोळखी रानात, दिवसा आणि रात्री, ठरलेली खूण शोधून काढणे, हा या शिक्षणाचा एक मुख्य भाग आहे. शंभर मीटर अंतराला आपली किती पावले पडतात हे प्रत्येकाने मोजून ठेवावयाचे असते; चढावर ती वाढतात, अंधारात आणखी वाढतात. नकाशावरील समोच्च रेषा पडद्यावर समजाविता येतात; पण ओढा ओलांडताना भिजलेले बूट, चुकलेली दिशा आणि वाढत जाणारी भीती पडद्यावर समजाविता येत नाही. आपण चुकलो आहोत हे मान्य करून, मन शांत ठेवून, शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत मागे फिरणे, ही कला रानातच साधते.

आणि मग उन्हाळी शिबिर. २०२० च्या वसंत ऋतूत भूदलाने फोर्ट नॉक्सचे त्या वर्षीचे शिबिर रद्द केले. देशाच्या कानाकोपऱ्यातून हजारो तरुणांना एका बराकीत आणणे त्या दिवसांत शक्यच नव्हते. त्याऐवजी ‘ऑपरेशन अ‍ॅजाइल लीडर’ या नावाने लहान प्रमाणावरील प्रशिक्षण विद्यापीठांच्या जवळपास योजण्यात आले. मुखपट्ट्या, लहान तुकड्या, मोकळी हवा आणि परस्परांतील अंतर, या मर्यादांत राहून जे शिकविता येईल ते शिकवावयाचे, असे धोरण राहिले. २०२१ च्या उन्हाळ्यात फोर्ट नॉक्सचे शिबिर पुन्हा भरले. यावरून एक गोष्ट सिद्ध होते. पडद्याने भागते असे जर अधिकाऱ्यांना खरोखर वाटले असते, तर इतका खर्च आणि इतका व्याप त्यांनी पुन्हा ओढवून घेतला नसता.

पद-प्रदानाच्या सोहळ्याविषयी येथे दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे. निवासी लष्करी अकादम्यांनी आपापल्या परीने मार्ग काढले. कॉलोराडोतील हवाई दलाच्या अकादमीने १८ एप्रिल २०२० रोजी ९६७ छात्रांना आठ-आठ फुटांच्या अंतराने बसवून पदव्या दिल्या. वेस्ट पॉइंटने सुमारे अकराशे छात्रांना परत बोलावून १३ जून रोजी समारंभ केला. महाविद्यालयीन दलातील विद्यार्थी मात्र घरोघर पांगलेले. त्यांच्यापैकी अनेकांनी आपल्या घराच्या बैठकीत किंवा अंगणात गणवेश घालून, पडद्यावरील अधिकाऱ्यामागून शपथ उच्चारली आणि आई-वडिलांनी त्यांच्या खांद्यांवर पदचिन्हे लावली. नव्या अधिकाऱ्याने आपणांस प्रथम सलाम करणाऱ्या सैनिकाला रुपेरी डॉलर द्यावा, अशी तिकडे रीत आहे. कारण अधिकाऱ्याला शहाणपण शिकविणारा बहुधा अनुभवी हवालदारच असतो आणि हे ऋण पहिल्याच दिवशी कबूल करावयाचे असते. दूरच्या सोहळ्यात ते नाणे हातातून हातात देता येत नाही. गोष्ट लहान खरी. परंतु आपण कोणाचे ऋणी आहोत हे शरीराने, हात पुढे करून, सांगण्यात जो अर्थ आहे तो पडद्यावरील शब्दांत पुरतेपणी उतरत नाही.

कोणी म्हणेल, हल्लीची युद्धे पडद्यावरूनच लढली जातात. वैमानिकाविना विमाने उडतात. मग पडद्यावरचे शिक्षण उणे कसे? या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. दूरच्या माणसाला स्पष्ट आज्ञा देणे, तुटपुंज्या माहितीवरून निर्णय घेणे, यांची आजच्या अधिकाऱ्याला गरज आहेच. तथापि पलटणीतील सैनिक अद्याप हाडामांसाचाच आहे. त्याला झोप लागते, भूक लागते, घरची चिंता असते. त्याच्या चालण्यातला थकवा ज्याला ओळखता येत नाही, तो कितीही उत्तम योजना आखो, ती सिद्धीस जाणार नाही.

येथेच त्या वर्षाने एक अनपेक्षित धडा दिला. मैदानावर हजेरी घेणे सोपे असते. रांगेत एक जागा रिकामी दिसली की कोण आला नाही हे कळते. घरोघर पांगलेल्या तुकडीत मात्र हजेरी म्हणजे विचारपूस करणे होय. कोणाच्या घरी एकच संगणक आणि तीन भावंडे आहेत, कोणाच्या वडिलांचे काम सुटले आहे, कोण आठ दिवस गप्प आहे, हे ज्येष्ठ छात्राने स्वतः फोन करून जाणून घ्यावे लागते. वीस-एकवीस वर्षांच्या ज्या मुलाने हे काम मनापासून केले, त्याला नेतृत्वाचा असा एक भाग साधला जो कवायतीच्या ललकारीत कित्येकदा झाकला जातो. ज्याने नुसती नावापुढे खूण केली, त्याला मैदानावर परतूनही तो साधला असेल असे वाटत नाही.

आपल्याकडील स्थितीकडेही दृष्टी टाकू. राष्ट्रीय छात्रसेना १९४८ च्या कायद्याने स्थापन झाली. १९६३ मध्ये ती महाविद्यालयांत सक्तीची झाली आणि १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक. २०२० च्या टाळेबंदीत तिचीही मैदाने ओस पडली. २७ ऑगस्ट २०२० रोजी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी छात्रसेनेच्या प्रशिक्षणाचे भ्रमणध्वनीवरील अ‍ॅप सुरू केले. पाठ, चित्रफिती आणि शंकासमाधान यांची सोय त्यात होती. परंतु त्याआधीच, एप्रिलमध्ये, ‘एनसीसी योगदान’ या उपक्रमात अठरा वर्षांवरील ज्येष्ठ छात्र स्वेच्छेने घराबाहेर पडले होते. मदतसाहित्य वाटणे, मदतकेंद्राचे फोन घेणे, रांगा आणि रहदारी सुरळीत ठेवणे, अशी कामे त्यांनी केली. उन्हात उभ्या असलेल्या, भेदरलेल्या, चिडलेल्या माणसांची रांग शांत ठेवणे हा कोणत्याही पाठ्यपुस्तकातील धडा नव्हे. कवायत बंद होती. पण कवायतीचे प्रयोजन चालू होते.

पडद्याची निंदा करणे हा या लेखाचा हेतू नाही. साथीच्या दिवसांत त्याने अभ्यास जिवंत ठेवला, हे उपकार मानलेच पाहिजेत. दूर खेड्यातील छात्राला चांगल्या शिक्षकाचे व्याख्यान आज घरी ऐकता येत असेल, तर ते बंद करण्याचे कारण नाही. मात्र ज्यांच्या घरी मुले-मुली छात्रसेनेत आहेत अशा पालकांस एक सुचवावेसे वाटते. परीक्षेचे दिवस जवळ आले की प्रथम कात्री लागते ती पहाटेच्या कवायतीला आणि दहा दिवसांच्या शिबिराला. अभ्यास घरी बुडाला तर घरी भरून काढता येतो, हे त्या वर्षाने दाखविले. संगत बुडाली तर ती घरी भरून निघत नाही, हेही त्यानेच दाखविले. म्हणून पुढील खेपेस मुलाने शिबिराची परवानगी मागितली, तर नकार देण्यापूर्वी क्षणभर थांबावे. आणि तो परत आल्यावर त्याला किती गुण मिळाले हे विचारण्याआधी, त्याच्या तंबूत आणखी कोण कोण होते आणि त्यांची नावे त्याला आठवतात का, हे विचारावे.