मुल्हेर : वाचायचा राहिलेला किल्ला

राजपुतांचा गिरिदुर्ग म्हटले की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे चितोड उभे राहते; सह्याद्रीतला किल्ला म्हटले की शिवकाल. या दोन तयार चित्रांच्या मधल्या फटीत एक किल्ला हरवला आहे, आणि तो आपल्यापासून फार दूर नाही. अमळनेरहून धुळे, साक्री, पिंपळनेर करीत ताहराबाद गाठावे आणि तेथून मुल्हेरकडे वळावे. हे बागलाण आज नाशिक जिल्ह्यात मोडते; पण १८६९ मध्ये तो जिल्हा निर्माण होईपर्यंत त्याची गणना खानदेशातच होत असे.

मुल्हेर ही बागुल राजांची राजधानी. हे घराणे स्वतःला कनोजच्या राठोडांचे वंशज म्हणवीत असे. गुजरात आणि दख्खन यांना जोडणाऱ्या मार्गावर त्याचे राज्य होते. अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त या राठोड राजाचे आठ हजार स्वार, पाच हजार पायदळ आणि सात किल्ले नोंदवले आहेत, त्यांपैकी साल्हेर आणि मुल्हेर हे दोन विशेष बळकट. १६३८ मध्ये, शहजादा औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना, मोगलांनी बागलाण जिंकले. मुल्हेरला वेढा घालणाऱ्या महंमद ताहिर या सरदाराचे नाव ताहराबादला मिळाले, असे परंपरेने सांगतात. म्हणजे किल्ल्याकडे जाणाऱ्याला आधी जेत्याचे नाव भेटते, मग पराभूताची राजधानी.

गडावर आज सोमेश्वराचे मंदिर आहे, गणेशाचे मंदिर व तळे आहे, आणि राजवाड्याचे अवशेष आहेत. अवशेष म्हणजे गवतातून वर आलेली जोती आणि पडक्या भिंती. चितोडला कुंभा राण्याच्या पडक्या महालापुढे उभे राहिलेल्या प्रवाशाला कथा आधीच ठाऊक असते. दगड फक्त तिला दुजोरा देतात. मुल्हेरच्या जोत्यांपुढे मात्र आपण कोरे उभे असतो. या भिंतींमागे कोण राहत होते, याचे एकही चित्र मनात नसते.

आश्चर्य याचे, की या राजवाड्याचे स्वतःचे महाकाव्य आहे. नारायणशहाच्या आश्रयाला असलेल्या रुद्रकवी या दाक्षिणात्य कवीने शके १५१८ मध्ये, म्हणजे इ. स. १५९६ मध्ये, ‘राष्ट्रौढवंश’ हे वीस सर्गांचे संस्कृत महाकाव्य रचले. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९१७ मध्ये ते छापले गेले. त्यात वंशाचा आरंभ कैलासावर होतो : शिवपार्वती द्यूत खेळत असता फासा शिवाच्या मस्तकावरील चंद्राला लागतो, त्यातून एक बालक प्रकटते आणि पुढे ते कनोजच्या राज्याशी जोडले जाते. नगर, पर्वत, ऋतू, युद्ध यांची वर्णने महाकाव्यात असावीत, हा दंडीपासूनचा संकेत. तेव्हा अशा काव्यातले किती मुल्हेरचे आणि किती संकेताचे, हा प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्याने विचारायचा. त्याची परीक्षा घ्यायला जोती आजही जागेवर आहेत.

मग हे काव्य किल्ल्याला स्मरणात का ठेवू शकले नाही? उत्तरासाठी पुन्हा चितोडकडे पाहावे लागते. अल्लाउद्दीनाने चितोड घेतले ते १३०३ मध्ये. त्या स्वारीत हजर असलेल्या अमीर खुस्रोच्या वृत्तांतात पद्मिनीचे नाव नाही. जायसीचे ‘पद्मावत’ आले ते १५४० मध्ये, तब्बल २३७ वर्षांनी; आणि चितोडला आज पद्मिनीचा महाल म्हणून दाखवतात ती वास्तू सध्याच्या रूपात एकोणिसाव्या शतकातली. तरीही लोक तिच्यापुढे हात जोडतात, कारण जायसी अवधीत बोलला. रुद्रकवी बोलला तो दरबाराच्या भाषेत. दरबार उठला आणि श्रोताही उठला.

याला दुजोरा गडाच्या पायथ्याशीच मिळतो. मुल्हेर गावात उद्धव महाराजांच्या समाधिस्थानी कोजागरीला रासक्रीडा होते. मराठीबरोबर व्रज आणि गुजराती वळणाची पदे रात्रभर गायिली जातात. राजाने करवून घेतलेली प्रशस्ती ग्रंथालयात गेली, लोकांनी गळ्यात जपलेले पद टिकले. सरहद्दीवरच्या या मुलखाची बहुभाषिकता एका रात्रीत तेथे ऐकू येते.

यावर कोणी म्हणेल, संस्कृत काव्य आणि मिश्रभाषी पदे. यांत मराठी विभागाचे काय? आमचे म्हणणे असे, की वाङ्मयेतिहास केवळ भाषेचा नसतो, प्रदेशाचाही असतो. ज्या अमळनेरात १९५२ आणि २०२४ अशी दोन वेळा अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने भरली, तेथल्या वाङ्मयविचाराने आपल्या परिसराचा इतिहास पुण्याच्या सोयीने का मांडावा?

दोन धोके मात्र ओळखून असावे. साल्हेर २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेशा’चा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत गेला. आनंदच आहे, परंतु त्या चौकटीत त्याच किल्ल्याचा बागुलकाळ झाकला जाऊ नये. दुसरा धोका उलट दिशेचा : मुल्हेरला ‘आपले चितोड’ करून वंशाभिमानाचे नवे ठाणे उभारण्याचा. कनोजची वंशावळ हा दरबारी दावा आहे; तो अभ्यासायचा असतो, मिरवायचा नसतो.

महाविद्यालयांच्या सहली राजस्थानला जरूर जाव्यात. पण त्याआधी एकदा मुल्हेरला जावे. संस्कृतच्या अध्यापकांनी चार सर्ग निवडून द्यावेत, मराठीच्या विद्यार्थ्यांनी त्यांचे मराठी आणि अहिराणी अनुवाद करावेत, आणि ते त्या जोत्यांवर बसून मोठ्याने वाचावेत. रुद्रकवीला चार शतके न मिळालेला श्रोता असा तरी मिळेल.