'आपला माणूस', पण न वाचलेला

गजानन माधव मुक्तिबोध यांचें नांव निघालें कीं आमच्या नागपुरकर मंडळींची मान ताठ होते. आपला माणूस हिंदींत केवढा मोठा झाला, असें जो तो अभिमानानें सांगतो; आणि त्यांची कोणती कविता आपण वाचली, असें विचारलें कीं बोलणें संत्र्यांच्या भावाकडे वळतें. असल्या अभिमानाची आम्हांस लाज वाटते.

दुसरा वर्ग याहून कडवट. मराठी घरांत जन्मून हिंदींत लिहिणें ही मातृभाषेशीं प्रतारणा होय, असें त्याचें मत. खानदेश सोडून ग्वाल्हेरकडे गेलेल्या कुळांत १९१७ सालीं श्योपुरास जन्मलेल्या आणि माळव्यांत वाढलेल्या मुलानें भोंवतालच्या भाषेंत लिहूं नये, तर कोणत्या भाषेंत लिहावें? नामदेवांचीं हिंदी पदें ग्रंथसाहिबांत आहेत. त्यांच्यावर हा आरोप कोणीं केल्याचें आम्ही ऐकलें नाहीं.

मुक्तिबोध १९४८ पासून १९५८ पर्यंत याच शहरांत होते. सरकारी माहिती खातें, आकाशवाणी, पुढें 'नया खून' साप्ताहिक अशा नोकऱ्या करीत, प्रपंचाच्या ओढाताणींत ते लिहीत राहिले. १९५६ पर्यंत नागपूर ही दुभाषी प्रांताची राजधानी होती. दोन्ही भाषा एकाच रस्त्यानें चालत होत्या. त्यांचे धाकटे बंधु शरच्चंद्र यांनीं मराठींत 'नवी मळवाट' (१९४९) व 'यात्रिक' (१९५७) हे संग्रह दिले. दोघेही कवि, दोघेही समीक्षक, दोघांवरही मार्क्सवादाचा संस्कार. असें असतां आमची समीक्षा धाकट्याविषयीं लिहितांना थोरल्याचें नांव नात्यापुरतें घेते. जणूं प्रश्न साहित्याचा नसून वंशावळीचा आहे!

१९५८ सालीं ते राजनांदगांवच्या दिग्विजय महाविद्यालयांत शिकवावयास गेले. १९६२ मध्यें त्यांच्या इतिहासविषयक पुस्तकावर मध्यप्रदेश सरकारनें बंदी घातली. ११ सप्टेंबर १९६४ रोजीं, वयाच्या ४६ व्या वर्षीं, ते दिल्लींत वारले. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा पहिला स्वतंत्र संग्रह हातीं घेण्याचें सुख त्यांना लाभलें नाहीं. हिंदी जगतास उशिरां कां होईना जाग आली, आणि १९८० सालीं त्यांची रचनावली सहा खंडांत निघाली. आम्हीं काय केलें?

'अंधेरे में' ही दीर्घ कविता कठीण आहे, हें मान्य. आम्हांलाही ती पहिल्या वाचनांत उमगली नाहीं. पण मर्ढेकर तरी कोठें सोपे होते? त्यांच्यासाठीं आम्हीं रात्री जागविल्या, भांडणें केलीं, टीका लिहिल्या. येथें तर लिपि तीच, निम्मे शब्द ओळखीचे. तेव्हां अडचण भाषेची म्हणतां येत नाहीं, ती आळसाची आहे. विद्यापीठांतील मराठीच्या वर्गांत या दोन बंधूंच्या कविता शेजारीं ठेवून एक सत्र तरी शिकवावें, ही आमची मागणी आहे. आणि ज्या घरीं या दोघांचीं पुस्तकें एका फळीवर नाहींत, त्या घरानें 'आपला माणूस' हे शब्द तूर्त उच्चारूं नयेत.